मदत हवी आहे: विक्रेत्यांच्या बैठकीसाठी महाबळेश्वर घ्यावे की गणपतीपुळे?

शेतपंप (धागाकर्ता)
नमस्कार. आमच्या कंपनीच्या विक्रेत्यांची वार्षिक बैठक दोन दिवसांची असून जागा ठरवण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. एकूण ३४ माणसे आहेत. आजवर ही बैठक शहरातल्याच एखाद्या सभागृहात होत आली. या वेळी डोंगर किंवा समुद्र जवळ असावा, अशी वरिष्ठांची इच्छा आहे. महाबळेश्वर आणि गणपतीपुळे अशी दोन नावे पुढे आली आहेत आणि मला उद्या संध्याकाळपर्यंत त्यातले एक कळवायचे आहे. हॉटेलांची छायाचित्रे पाहून काहीच ठरवता येत नाही, कारण ती सगळीच सुंदर आहेत. ज्यांनी अशी बैठक घेतली आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे.

किनारपट्टी
गणपतीपुळेच घ्या. मी स्वतः तेथे दोन बैठका घेतल्या आहेत. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने निघाले की वळण संपताच दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, आणि गाडीतली माणसे तेथेच कामाचा ताण विसरतात. संध्याकाळी देवदर्शन होते, सकाळी वाळूवर फेरी होते. विक्रेत्यांना आणखी काय हवे असते?

घाटवाटा
धागाकर्ते, तुम्ही बैठकीचा महिना सांगितलेला नाही आणि माणसे कोठून येणार तेही सांगितलेले नाही. हे दोन तपशील मिळेपर्यंत कोणीही कोणत्याही जागेचे नाव देऊ नये, असे माझे मत आहे.

सभानियोजन
माझेही दोन प्रश्न आहेत. दोन्ही दिवस पूर्ण वेळ सभागृह लागणार आहे का? आणि दूरदृश्य पद्धतीने बाहेरून कोणी सहभागी होणार आहे का?

शेतपंप (धागाकर्ता)
तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली आहे आणि ती बदलणार नाही. आम्ही शेतीपंप विकतो. पाऊस सुरू झाला की मागणी थंडावते आणि विक्रेत्यांना तेवढीच सवड मिळते. हे सर्वांना ठाऊक असेल असे मी गृहीत धरले होते. माणसे पुणे, सांगली, कोल्हापूर आणि नाशिक येथून येतील. सभागृह दोन्ही दिवस लागेल. कारखान्यातले अभियंते दूरदृश्य पद्धतीने एक तास बोलणार आहेत. कृपया आता तरी जागेचे नाव सांगा.

घाटवाटा
जुलै असेल तर महाबळेश्वर यादीतून काढा. तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा असतो. मी तेथे याच दिवसांत एक बैठक घेतली होती. भिंतीवर लावलेले मोठे कागद दुपारपर्यंत दमट होऊन कडेने वळले, चिकटपट्टी सुटत राहिली आणि गटचर्चेत लिहिलेली शाई कागदावर फुटली. सभागृहावर पत्र्याचे छप्पर होते. सर आली की बोलणाऱ्याला थांबावे लागे. खिडकीबाहेर दोन दिवस पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसले नाही. ज्या दरीसाठी आम्ही तेवढा घाट चढून गेलो होतो, ती दरी आम्ही पाहिलीच नाही.

किनारपट्टी
म्हणूनच मी कोकण म्हणतो. पावसातले कोकण हेच खरे कोकण आहे. धुके नाही, थंडी नाही, आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे धावत असते.

घाटवाटा
धावते, पण त्या वेळापत्रकात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. शिवाय यांची माणसे देशावरून येणार आहेत. कोल्हापूर-सांगलीकरांना आंबा घाट उतरावा लागेल, पुणे-नाशिककरांना आणखी मोठा वळसा पडेल. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच सुमारास आंबा घाटातला रस्ता खचला आणि रेल्वेही थांबली. यांनी निवडलेला आठवडा त्याला लागूनच आहे. किनाऱ्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु ३४ माणसांची जबाबदारी घेऊन मी त्या दिवसांत घाट उतरणार नाही.

किनारपट्टी
एका वर्षावरून सगळी वर्षे मोजू नयेत. तरी मुंबईची माणसे असती तर मी अलिबाग सुचवले असते. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. हवामान साथ देत असेल तर ती गाड्यांसह सुमारे तासाभरात पोहोचवते.

सुगरण
जेवणाबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावर गेलात तरी ताजी सुरमई आणि पापलेट मिळणे अवघड. जे पुढ्यात येईल ते बहुधा बर्फातले असेल. विक्रेत्यांना मासळीचे आश्वासन दिले असेल तर आधीच विचार करावा.

शेतपंप (धागाकर्ता)
मासळीचे आश्वासन कोणीही दिलेले नाही. मला जागेचे नाव हवे आहे.

सभानियोजन
माझे नाव पाचगणी. महाबळेश्वरापासून ती जेमतेम वीस किलोमीटरवर आहे, पण पाऊस तिथल्या मानाने फारच कमी असतो, आणि सरी थांबल्या की कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी वरून स्वच्छ दिसते. पुण्याची बस सुरूर फाट्यावरून आणि कोल्हापूर-सांगलीची पाचवडवरून, अशा दोन्ही वाईत एकत्र येतात. पुढे फक्त पसरणीचा घाट उरतो. नाशिककरांना मात्र आदल्या रात्री पुण्यात मुक्काम द्या, एका दिवसात त्यांना तेवढे ओढू नका. बैठक मंगळवार-बुधवारी ठेवा. शनिवार-रविवारी पाऊस पाहायला येणाऱ्यांची गर्दी असते.

जागा पाहायला स्वतः जा आणि सभागृहात किमान अर्धा तास बसा. छप्पर स्लॅबचे आहे का, ते पाहा. दरीच्या बाजूला सलग काच असेल तर जाड पडदे आहेत का, तेही पाहा, कारण ढगाळ दिवशीसुद्धा त्या उजेडात प्रोजेक्टरच्या पडद्यावरचे आकडे फिके दिसतात आणि मागच्या रांगेतली माणसे दरीकडे पाहू लागतात. वीज गेल्यावर जनरेटरवर प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा चालते की नुसते दिवे, हे विचारून थांबू नका, समोर चालू करून घ्या. अभियंत्यांना त्याच सभागृहातून दूरदृश्य फोन लावून पाहा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, तारेने आलेले इंटरनेट मागा.

घाटवाटा
पाचगणीला माझी सहमती आहे. एवढेच सांगतो की घाट उजेडात चढा. पहिल्या दिवसाचे कामकाज अकराच्या आधी ठेवू नका.

किनारपट्टी
माझे मत कायम आहे, पण जुलै आणि कोल्हापूर हे दोन्ही शब्द पहिल्याच संदेशात असते तर मीही इतका आग्रह धरला नसता. नोव्हेंबरात बैठक ठेवलीत तर कळवा.

शेतपंप (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. तपशील आधी द्यायला हवे होते, हे मान्य करतो. वरिष्ठांना पाचगणी कळवले आहे आणि गुरुवारी मी तेथे तीन जागा पाहायला जात आहे. सोबत आमचा प्रोजेक्टर नेणार आहे. आता एकच विचारायचे आहे. आमच्या विक्रेत्यांपैकी दोघांना गुडघ्यांचा त्रास असल्याने जिने चढता येत नाहीत. सभागृह, भोजनगृह आणि खोल्या एकाच पातळीवर असलेली जागा कोणाच्या पाहण्यात असेल, तर बुधवारी रात्रीपर्यंत सांगावे.