भाडेकरू घर सोडत नाही, मुदत ३१ ऑगस्टला संपली, मदत हवी आहे (पुणे)

दूरचा_मालक
नमस्कार. कर्वेनगरला टू बीएचके आहे. भाडं २८ हजार, डिपॉझिट १ लाख. कराराची मुदत ३१ ऑगस्ट २०२५ला संपली, आता नोव्हेंबर अर्धा सरला तरी भाडेकरू हलत नाही. "मुलीची परीक्षा झाली की बघू" एवढंच उत्तर, तेही मेसेजवर. मला २० डिसेंबरला घर रिकामं हवं आहे. पोलिसांत जाऊ, की वीज तोडू? सोसायटीला सांगून पाणी बंद करता येतं का? "वकील गाठा" एवढंच सांगू नका, नेमकं काय करायचं ते हवं आहे.

सदाशिव_४११०३०
वीज तोडा. मीटर तुमच्या नावावर असेल तर तुम्ही अर्ज देऊन पुरवठा बंद करू शकता. आठवड्यात जागा रिकामी होते.

कलम_चोवीस
वरचा सल्ला कृपया कुणी अमलात आणू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली रास्त कारणाशिवाय वीज-पाणी तोडणं हा घरमालकाचा गुन्हा आहे. शिवाय सामान बाहेर काढलं किंवा कुलूप बदललं, तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घर कुणाचं हे पाहिलंच जात नाही, जबरदस्तीने काढलं का एवढंच पाहतात.

दूरचा_मालक, आधी तीन गोष्टी सांगा. करार लिव्ह अँड लायसन्सच (ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी) ना? नोंदणीकृत आहे का? करारावर सही कुणाची, तुमची की कुलमुखत्याराची (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असलेल्याची)?

दूरचा_मालक
हो, लिव्ह अँड लायसन्स, ११ महिन्यांचा. स्टँप पेपरवर आहे, सही-शिक्का सगळं व्यवस्थित आहे. सही वडिलांची, मी जर्मनीत असतो.

कलम_चोवीस
शिक्का नोटरीचा की दुय्यम निबंधकाचा (सब-रजिस्ट्रार)? पुण्यात नोंदलेल्या दस्ताच्या पानांवर "हवल" (हवेली) आणि त्यापुढे दस्त क्रमांक छापलेला असतो, शेवटच्या पानांवर दोघांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात, सोबत इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) मिळतो. नोटरीचा असेल तर गोल लाल शिक्का आणि रजिस्टरचा अनुक्रमांक, बस्स. बघून सांगा, पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

दूरचा_मालक
पहिला करार (नोव्हेंबर २०२३ ते सप्टेंबर २०२४) नोंदणीचा आहे, हवल आहे. दुसरा (१ ऑक्टोबर २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२५) एजंटने ५०० च्या स्टँपवर नोटरी करून दिला. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं तो म्हणाला.

कलम_चोवीस
हीच गडबड पुण्यात घरोघरी होते. एक वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी नको ही सूट नोंदणी कायद्यात भाडेपट्ट्यासाठी (लीज) आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स दोन महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरा फटका दुसरीकडे बसतो. दस्त नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करेपर्यंत. उद्या तो म्हणेल, "तीन वर्षांचं ठरलं होतं, डिपॉझिट ३ लाख दिलंय."

आता नोंदणी करावी म्हणाल तर तीही वेळ गेली. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत, आणि दंड भरून आणखी चार महिन्यांत नोंदवता येतो. तुमचे आठ महिने मे २०२५ अखेर संपले.

स्टँपही कमी आहे. २८,००० × ११ = ३,०८,०००. त्यात १ लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरायचं. बेरजेवर ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ८०० रुपये, तुम्ही ५०० भरले. तूट ३०० चीच, पण ती आणि दरमहा २ टक्के दंड भरल्याशिवाय तो कागद पुराव्यात घेत नाहीत. हे आधीच उरकून ठेवा, सुनावणीत अडू देऊ नका.

हिशेबवही
एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्याच्या पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस (आधीच कापायचा प्राप्तिकर) कापायला हवा. महिना ५० हजारांच्या वरच्या भाड्यावर २ टक्के हा नियम फक्त निवासी मालकासाठी. भाडेकरूने टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) घ्यायचा, कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, दर तिमाहीला त्याचं विवरणपत्र द्यायचं. कापतोय का तो?

दूरचा_मालक
नाही. पूर्ण २८ हजार येतात, एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या) खात्यात. पण मी ते विचारलंच नव्हतं. घर कसं मिळेल ते सांगा.

सदाशिव_४११०३०
मग त्याला टीडीएसची नोटीस पाठवा, घाबरून जाईल.

हिशेबवही
घाबरवण्यासाठी करू नका, ते उलटतं. तुम्ही विवरणपत्रात हे भाडं दाखवून कर भरला असेल तर भाडेकरू सीएकडून तसा दाखला घेऊन मूळ रकमेतून सुटतो, त्याला महिना १ टक्का व्याज तेवढं लागतं. तुम्ही दाखवलं नसेल तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. पुढच्या भाडेकरूच्या वेळी प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करून कमी दराने टीडीएस कापण्याचा दाखला काढा. ३० टक्के प्रमाणित वजावट आणि तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा जाता प्रत्यक्ष कर ३१.२ पेक्षा बराच कमी निघतो.

नळस्टॉप
मालमत्ता करावरून आठवलं. स्वतः राहता म्हणून महापालिकेची ४० टक्के सवलत घेत असाल आणि घर भाड्याने असेल तर ती सवलत लागू नाही. पीटी-३ (त्या सवलतीचा अर्ज) भरलाय का ते बघा.

कलम_चोवीस
ते नंतर. आधी ताबा.

कायदा_नवा
आदर्श भाडेकरू कायदा २०२१ प्रमाणे मुदत संपल्यावर पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं मागता येतं. नोटिशीत चौपट लिहा.

कलम_चोवीस
नका लिहू. तो केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. इथे भाडे नियंत्रण कायदा १९९९चं कलम २४ लागतं. त्यात मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट, म्हणजे तुमच्यासाठी महिना ५६ हजार. चुकीचं कलम आणि फुगवलेला आकडा घातलेली नोटीस समोरच्या वकिलाच्या हातात कोलीत देते.

पर्वती_व्ह्यू
१२ वर्षं राहिला तर घर त्याच्या नावावर होतं हे खरं का?

कलम_चोवीस
नाही. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा मालकाविरुद्धचा ताबा ठरत नाही, वर्षं कितीही होवोत.

दूरचा_मालक, सप्टेंबर-ऑक्टोबरचे पैसे आलेत का? आणि वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र कसं केलंय?

दूरचा_मालक
दोन्ही महिन्यांचे २८-२८ आलेत, मी काही बोललो नाही. कुलमुखत्यारपत्र मुख्यत्वे बँकेच्या कामासाठी होतं, त्यात "मालमत्तेची देखभाल" लिहिलंय. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

कलम_चोवीस
मग क्रमाने असं करा.

आजच भाडेकरूला लेखी कळवा, ईमेल आणि मेसेज दोन्ही: "१ सप्टेंबरपासून आलेली रक्कम भाडं म्हणून नव्हे, विनापरवाना वापराच्या भरपाईपोटी, हक्क राखून स्वीकारली आहे." गप्प राहून पैसे घेत राहिलात तर करार तोंडी वाढवला असं तो म्हणणार.

नवं कुलमुखत्यारपत्र करा. ताबा मागणे, नोटीस देणे, अर्ज आणि शपथपत्र करणे, साक्ष देणे, तडजोड करणे, नवा करार नोंदवणे हे अधिकार एकेक करून लिहा. "देखभाल" या शब्दावर सुनावणी होत नाही. भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करा, आणि मूळ कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

मग वकिलाची नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने (रजिस्टर एडी आता त्यातच विलीन झालंय). त्यात हे वाक्य हवंच: "ताबा देताच डिपॉझिटचे १ लाख रुपये देण्यास मालक तयार आहेत." हे नसलं की "डिपॉझिट देत नाहीत म्हणून राहिलो" हा बचाव तयार. डिपॉझिट बँकेतून आलं असेल तर ती नोंद छापून ठेवा, ३ लाखांच्या दाव्याला तेच उत्तर. परतही बँकेतूनच करा. २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीत परत केलं तर तेवढाच दंड प्राप्तिकर खातं लावू शकतं.

नारायण_पेठ
एवढं कशाला? सरळ लघुवाद न्यायालयात दावा. नोंदणी नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (कलम २४ ची प्रकरणं झटपट ऐकणारा सरकारी अधिकारी) जाऊन उपयोग नाही.

कलम_चोवीस
मला हे पटत नाही. कलम २४ लेखी करार मागतं, आणि लेखी करार यांच्याकडे आहे. दावा वर्षानुवर्षं चालतो. प्राधिकाऱ्याकडे समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने शपथपत्रावर बचावाची परवानगी मागायची असते, न मागितली तर ताब्याचा आदेश होतो. त्यावर अपील नाही, ९० दिवसांत फक्त पुनर्निरीक्षण.

नारायण_पेठ
नोंदलेल्या करारावर, हो. इथे बचावाची परवानगी मागितली की मिळणार, आणि मग साक्षीपुरावा. कागद पुढे नेण्याआधी हे यांना स्पष्ट सांगायला हवं.

कलम_चोवीस
हे मान्य, तो धोका आहेच. म्हणूनच आधी तडजोड करून बघा, दूरचा_मालक. मुलीच्या परीक्षेसाठी त्याला मार्चअखेरपर्यंत हवंय ना? १ डिसेंबर ते ३१ मार्चचा चार महिन्यांचा नवा करार नोंदणी करून द्या. अधिकृत सेवा पुरवठादार घरी येऊन आधार आणि अंगठा घेतो, तुमच्या बाजूने वडील कुलमुखत्यार म्हणून बसतील. शहरात नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक वेगळा. तारीख उलटली तर हाच दस्त कलम २४ खाली निर्णायक पुरावा ठरतो. आत्ताचा कच्चा कागद बाजूला पडतो.

दूरचा_मालक
पण मला २० डिसेंबरला घर हवंय! मी सहा आठवड्यांसाठी येतोय, राहू कुठे?

नारायण_पेठ
२० डिसेंबरला कायद्याच्या कुठल्याच रस्त्याने मिळणार नाही. नोटिशीची मुदत, समन्स, ३० दिवस, एवढ्यातच फेब्रुवारी उजाडतो.

नळस्टॉप
घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिगरवापर शुल्क किती घेते? सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, मालमत्ता कर त्यात धरायचा नाही.

दूरचा_मालक
ते नंतर बघतो. वडिलांनी आत्ता भाडेकरूला फोन केला. नोंदणीच्या कराराला तो तयार आहे, पण तारीख ३० एप्रिल म्हणतोय आणि डिपॉझिट ५० हजार आत्ताच परत मागतोय. देऊ का?

कलम_चोवीस
एप्रिलची तारीख द्या, डिपॉझिट देऊ नका. पूर्ण १ लाख नव्या करारात लिहा, आणि ताब्याच्या दिवशी वीजबिल, सोसायटीची थकबाकी पाहून किल्ली घेताना बँकेतून परत करा. मुदत संपल्यावर राहिल्यास दुप्पट ही अटही लिहून घ्या. आणि नवीन कुलमुखत्यारपत्र पोचल्याशिवाय वडिलांची सही घेऊ नका, जुन्यावर केलेल्या नोंदणीवर उद्या तोच बोट ठेवेल.

दूरचा_मालक
दूतावासाची वेळ सोमवारची मिळाली. मसुदा आला की इथे टाकतो, अधिकारांची यादी एकदा बघून द्या.