पावसाळ्यात कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेजचे कंट्रोल जागेवर राहत नाहीत. तपासणी कुठून सुरू करावी?

प्रश्न: प्रयोगशाळा तंत्रज्ञ, देवगड

नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावणारे, पूर्ण स्वयंचलित बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर आहे. उन्हाळाभर त्याने विनातक्रार काम केले. मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून मात्र कॅल्शियमचे कंट्रोल, म्हणजे मूल्य आधीच ठाऊक असलेला तपासणीचा नमुना, एका जागी थांबत नाही. लक्ष्यमूल्य ९.२ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असताना सकाळी कॅलिब्रेशननंतर, म्हणजे ठाऊक मूल्याच्या द्रावणावर यंत्र जुळवून घेतल्यावर, ९.१ येते, दुपारी तेच ९.९ होते आणि लगेच पुन्हा लावले तर कधी १०.३, तर कधी ९.४ येते. अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचे दुखणे वेगळे आहे. तेथे असा विस्कळीतपणा नाही, पण कंट्रोल दिवसागणिक थोडे थोडे खाली उतरत आहे आणि रिएजंट ब्लँकचे, म्हणजे नमुना न घातलेल्या नुसत्या चाचणी-रसायनाचे, प्रकाशशोषण वाढलेले दिसते. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृताचे एन्झाइम) यांचे कंट्रोल मर्यादेत आहेत.

पाण्याची व्यवस्था अशी आहे: विहिरीचे पाणी आरओमधून, तेथून डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनच्या) कार्ट्रिजमधून आणि मग यंत्राच्या कॅनमध्ये. पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो. वीज दिवसातून अनेकदा जाते. यूपीएस आहे, पण तो रात्रभर पुरत नाही. फोनवर मिळालेला सल्ला एवढाच, की पुन्हा कॅलिब्रेशन करा आणि तरीही जमले नाही तर लॅम्प बदला. घाटात दरड आली की इंजिनिअर कधी पोहोचेल हे सांगता येत नाही, आणि लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) संशयितांचे क्रिएटिनिन व बिलिरुबिनचे नमुने रोज येत असल्यामुळे यंत्र बंद ठेवणे शक्य नाही. लॅम्प खरोखरच बदलावा का? आणि तोवर कॅल्शियमचे अहवाल द्यावेत का?


उत्तर: रुग्णालयातील वरिष्ठ तंत्रज्ञ, रत्नागिरी

लॅम्पला तूर्त हात लावू नका. हॅलोजन लॅम्पचा अतिनील बाजूचा प्रकाश मुळातच कमी असतो, त्यामुळे तो म्हातारा होऊ लागला की पहिला फटका ३४० नॅनोमीटरवर बसतो. एसजीपीटी आणि युरेज-जीएलडीएच पद्धतीने होणारा युरिया या दोन्ही चाचण्या तेथेच मोजल्या जातात आणि त्या दोन्ही आपल्याकडे व्यवस्थित आहेत. लॅम्प गेलेला असता तर सर्वांत आधी त्यांनी तक्रार केली असती. नमुना उचलणारी सुई, म्हणजे प्रोब, किंवा सिरिंज गळत असती, तर बिघाड एकट्या कॅल्शियमपुरता राहिला नसता. कोणत्या चाचण्या बिघडल्या याइतकेच कोणत्या बिघडल्या नाहीत हे पाहणे महत्त्वाचे असते, आणि आपण दोन्ही लिहिलेत म्हणूनच दूर बसून काही सांगता येते.

माझा संशय पाण्यावर आहे. कॅल्शियम ही चाचणी फार हळवी. नळाचे पाणी, काचेची भांडी, धूळ, हातमोज्यांची पावडर असे कॅल्शियम सर्वत्र असते, आणि या चाचणीला सीरम लागते ते अवघे काही मायक्रोलिटर. त्यामागून प्रोब जे पाणी सोडते, किंवा धुतल्यानंतर क्युव्हेटच्या (मोजणीच्या छोट्या नळीच्या) तळाशी जो थेंब राहतो, त्यात किंचित जरी कॅल्शियम असले तरी उत्तर हलते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: पाण्यातले कॅल्शियम दिवसभर सारखेच राहिले, तर ते ब्लँकमध्येही तेवढेच येते आणि बऱ्याच अंशी वजा होऊन जाते. त्रास होतो तो ते बदलत राहिले तर, आणि आपले आकडे नेमके तेच सांगत आहेत.

पावसाळ्यातच हे का, याचे कारण विजेत आहे. आरओ बंद पडून पुन्हा सुरू झाला की पडद्याच्या अलीकडचे क्षार दरम्यानच्या वेळात पलीकडे झिरपलेले असतात, त्यामुळे पहिले काही लिटर पाणी नेहमीपेक्षा खारे येते. दिवसातून अनेकदा वीज गेली तर हे खारे पाणी तितक्याच वेळा डीआय कार्ट्रिजवर जाते आणि रेझिन मुदतीच्या कितीतरी आधी संपते. त्यातच पहिल्या पावसाने विहीर गढूळ झालेली असते, गाळण्या तुंबतात आणि आरओला मिळणारा दाबही घटतो. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी तर मे महिन्यातच मचूळ झालेले असते, म्हणजे कार्ट्रिजचे निम्मे आयुष्य पावसाआधीच खर्ची पडलेले असते.

टीडीएस मीटरच्या शून्यावर विसंबू नका. प्रयोगशाळेच्या पाण्यासाठी सीएलएसआय या मानके ठरवणाऱ्या संस्थेने घातलेली अट १० मेगाओहम-सेंटिमीटर रोधकतेची आहे, म्हणजे वाहकता ०.१ मायक्रोसीमेन्सपेक्षा अधिक नको. टीडीएस मीटरवर १ हा आकडा उमटतो तेव्हा वाहकता सुमारे २ मायक्रोसीमेन्स झालेली असते. याचा अर्थ असा, की पाणी या मर्यादेच्या दहापट बिघडले तरी तो मीटर शून्यच दाखवू शकतो. तो पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे. लहान यंत्रांच्या पुस्तिकांत अट काहीशी सैल असते, ती पाहून घ्यावी. पण तीही या मीटरच्या आवाक्यातली नसते.

आज संध्याकाळीच करता येईल अशी एक तपासणी सांगतो. जुने सेमी-ऑटो यंत्र बहुतेकांनी कोपऱ्यात जपून ठेवलेले असते, ते बाहेर काढा. दोन कोऱ्या प्लास्टिक नळ्यांत कॅल्शियमचे रिएजंट प्रत्येकी १ मिलिलिटर घ्या. एकीत आपल्या कॅनमधले पाणी १०० मायक्रोलिटर आणि दुसरीत औषधाच्या दुकानात मिळणारे, इंजेक्शनसाठीचे निर्जंतुक पाणी तितकेच घाला. हे पाणी प्लास्टिकच्या अ‍ॅम्प्युलमधले घ्यावे, काचेच्या नको. दोन्हींचे शोषण किटवर दिलेल्या तरंगलांबीला मोजा. आर्सेनाझो या रंगद्रव्याची पद्धत असेल तर कॅल्शियमने रंग निळसर होतो, त्यामुळे फरक मोठा असल्यास पांढऱ्या कागदासमोर धरूनही तो कळतो. नेहमीच्या नमुन्यापेक्षा येथे पाणी कितीतरी पट घेतले आहे, म्हणून यंत्रावर पाणीच नमुना म्हणून लावण्यापेक्षा ही रीत अधिक बोलकी आहे.


उत्तर: सेवा अभियंता, कोल्हापूर

वरील सर्व मान्य आहे, पण अल्कलाइन फॉस्फेटेजचा दोष पाण्याच्या माथी मारू नये. कॅल्शियम विस्कटते आणि हे एका दिशेने उतरते. दोन्हींचे मूळ एकच मानले तर एक दुखणे तसेच राहील.

या चाचणीचे बफर बहुधा एएमपी नावाच्या रसायनाचे असते आणि त्याचा पीएच १० च्या वर असतो. बाटली यंत्रात उघडी राहिली की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, पीएच उतरतो आणि त्याबरोबर एन्झाइमचा वेगही. दुसरीकडे चाचणीत एन्झाइम ज्याला फोडते तो पीएनपीपी हा पदार्थ आपोआप थोडा थोडा फुटत असतो, त्यातून पिवळे नायट्रोफिनॉल तयार होते आणि ४०५ नॅनोमीटरवर ब्लँक वाढतो. रिएजंट गरम झाले की हे फुटणे वेग घेते. रात्री वीज जाऊन यूपीएस संपला, तर रिएजंटच्या कप्प्याचे थंडावणेही थांबते, आणि सकाळी वीज आल्यावर कप्पा पुन्हा थंड झालेला दिसल्यामुळे रात्री काय घडले याचा कोणाला पत्ता लागत नाही. कप्प्यात कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवावा. दोन्ही बाटल्या आधीच एकत्र करून वर्किंग रिएजंट वापरत असाल, तर ते आठवड्याचे करून ठेवू नका. लागेल तेवढेच करा.

कोकणात दमटपणाचा एक वेगळाच उपद्रव मी पाहतो. एसी बंद असताना खोलीची हवा ओलीचिंब असते. अशा वेळी थंड कप्प्याचे झाकण उघडले की आतल्या बाजूला दव धरते आणि त्याचे थेंब उघड्या बाटल्यांत पडतात. त्यामुळे रिएजंट पातळ होते आणि पातळीही वाढलेली दिसते, म्हणून यंत्र काहीच कुरकुर करत नाही. झाकणाची आतली बाजू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्यावी. रात्री बाटल्या झाकणे लावून फ्रीजमध्ये हलवाव्यात आणि सकाळी ठेवताना वर फेस नाही ना हे पाहावे. प्रोबचा सेन्सर फेसालाच द्रव समजतो आणि हवा ओढतो. एसी परवडत नसेल तर निदान डीह्युमिडिफायर रात्रभर चालू ठेवा, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत ऑप्टिकल फिल्टरवर बुरशी येते आणि तो खर्च फार मोठा असतो.

जाता जाता अर्थिंगही मोजून घ्या. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज चढतो. आपला आजचा बिघाड त्यामुळे झालेला नाही, पण बोर्ड जळण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या पुष्कळशा तेथूनच आलेल्या असतात.


उत्तर: जीवरसायनतज्ज्ञ डॉक्टर, सावंतवाडी

अहवालांच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. कॅल्शियमचे अहवाल देऊ नयेत. सामान्य मर्यादा ढोबळमानाने ८.५ ते १०.५ आहे, म्हणजे सगळा पल्ला दोनच मिलिग्रॅमचा, आणि आपले कंट्रोल एकाच दुपारी त्यातले जवळपास एक मिलिग्रॅम फिरते आहे. अशा स्थितीत निरोगी माणसाचे कॅल्शियम वाढलेले दिसेल आणि ज्याचे खरोखर कमी आहे त्याचे सामान्य ठरेल. नमुने जवळच्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावेत आणि शेवटचे कंट्रोल बरोबर आले त्यानंतर दिलेले अहवाल काढून, उरलेल्या सीरमवर फेरतपासणी करावी. इतर चाचण्या मात्र थांबवण्याचे कारण नाही, विशेषतः क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन. या दिवसांत त्यांच्यावर रुग्णाला पुढे पाठवण्याचे निर्णय अवलंबून असतात.

फोनवरून मिळालेल्या कॅलिब्रेशनच्या सल्ल्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण तो सर्रास दिला जातो. कॅलिब्रेशनने जो दोष जातो तो एका दिशेचा, सातत्याचा असतो. निकाल विस्कळीत असतील तर कॅलिब्रेटरचे वाचनही तसेच विस्कळीत येणार, आणि त्या क्षणी योगायोगाने जे वाचन आले त्यावर दिवसभराचा फॅक्टर (गुणक) ठरणार. आपले कंट्रोल सकाळी ९.१ येते यात समाधान मानण्यासारखे काही नाही. आधी एकच कंट्रोल सलग दहा वेळा लावून सीव्ही, म्हणजे निकाल किती टक्के विखुरतात ते, काढावा. तो नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत कॅलिब्रेशनचे बटण दाबूच नये. कंट्रोलचे निकाल पारखण्याच्या वेस्टगार्डच्या १९८१ च्या नियमांत आर-४एस हा नियम अशा विस्कळीतपणासाठीच आहे, तर २-२एस आणि १०एक्स हे एका बाजूला सरकण्यासाठी. आपले कॅल्शियम पहिल्या गटात बसते आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दुसऱ्या; अभियंत्यांनी केलेली फारकत कंट्रोलचे रोजचे आकडे मांडणाऱ्या लेव्ही-जेनिंग्ज आलेखावरही तशीच दिसायला हवी. कंट्रोल मर्यादेत येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचे आणि शेवटचा आकडा वहीत लिहायचा, ही पद्धत मात्र माझ्या मते कंट्रोल न लावण्यापेक्षाही वाईट आहे, कारण तिने वही निर्दोष दिसते.

एक जोड: कंट्रोल ठीक असताना एखाद्याच रुग्णाचे कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही एकदम कमी आणि पोटॅशियम बेसुमार जास्त आले, तर यंत्राकडे न पाहता नळीकडे पाहावे. जांभळ्या झाकणाच्या नळीतले, रक्त न गोठू देणारे ईडीटीए सीरममध्ये मिसळले की असेच होते.


प्रश्नकर्त्यांचे पुढील टिपण, देवगड

सर्वांचे आभार. नळ्यांची तपासणी केली. कॅनमधल्या पाण्याची नळी अ‍ॅम्प्युलच्या नळीपेक्षा डोळ्यांनाही स्पष्ट निळसर दिसली आणि सेमी-ऑटोवर फरक पक्का झाला. कार्ट्रिजमधून थेट घेतलेले पाणीही तसेच निघाले, म्हणजे दोष एकट्या कॅनचा नाही. नवे कार्ट्रिज कुडाळहून मागवले आहे. अल्कलाइन फॉस्फेटेजची नवी बाटली उघडताच ब्लँक खाली आला आणि कंट्रोल मध्यावर आले. कॅल्शियमचे अहवाल थांबवून नमुने कणकवलीला पाठवत आहोत.

आता एक शंका. कॅनच्या तळाला बोट लावले तर बुळबुळीत थर जाणवतो. कार्ट्रिज बदलताना सगळी लाइन एकदमच ब्लीचने धुऊन घ्यावी का?


उत्तर: रुग्णालयातील वरिष्ठ तंत्रज्ञ, रत्नागिरी

सगळी लाइन नको. आरओचा पडदा बहुधा पॉलिअमाइडचा असतो आणि क्लोरीनने तो कायमचा खराब होतो. डीआय रेझिनलाही ब्लीच चालत नाही. म्हणून कार्ट्रिज काढून ठेवा आणि त्याच्या पुढचाच भाग, म्हणजे कॅन, यंत्राकडे जाणारी नळी आणि तिच्या टोकाची गाळणी, एवढेच पातळ सोडियम हायपोक्लोराइटने धुवा. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतलेच घ्या. नंतर स्वच्छ पाण्याने इतके खळबळा की क्लोरीनचा वास उरणार नाही, कारण राहिलेले हायपोक्लोराइट ग्लुकोज आणि कोलेस्टेरॉलसारख्या पेरॉक्सिडेजवर चालणाऱ्या चाचण्यांत ढवळाढवळ करते. धुतल्यानंतर या दोन्हींचे कंट्रोल लावल्याशिवाय रुग्णाचा नमुना घेऊ नका.

बुळबुळीत थर हा जिवाणूंचा आहे आणि तो वाहकतेच्या मीटरवर कधीच दिसत नाही. कॅनमध्ये उरलेल्या पाण्यातच नवे पाणी ओतण्याची सवय असेल तर ती बंद करावी. संध्याकाळी कॅन रिकामा करून उपडा ठेवावा आणि सकाळी ताजे पाणी भरावे. कॅन पारदर्शक असेल आणि खिडकीपाशी असेल तर तेथून हलवा, उजेडात शेवाळही धरते. नवे कार्ट्रिज बसवल्यावर, आणि त्यापुढे वीज जाऊन आल्यावर दर वेळी, आरओचे पहिले पाणी काही मिनिटे मोरीत सोडून द्यावे आणि मगच कार्ट्रिजकडचा कॉक उघडावा. कार्ट्रिजच्या पुढे लाइनमध्येच बसणारा वाहकता मीटर मिळतो, तो याच वेळी लावून घ्या.