'चर्वितचर्वण', 'काथ्याकूट', 'पूर्वनिर्णीत' : परत परत निघणाऱ्या वादाला काय म्हणावं?

प्रश्न

एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या योगदान-मार्गदर्शिकेचा मराठी मजकूर तयार करतो आहे. प्रकल्प जुना झाला की काही वाद ठरावीक काळाने वर येतातच: टॅब की स्पेस, परवाना बदलायचा का, सगळं दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं का. विचारणाऱ्याला तो प्रश्न पहिल्यांदाच पडलेला असतो आणि जुन्या मंडळींना तो ऐकून ऐकून वीट आलेला असतो. अशा इश्शूला (प्रकल्पात नोंदवलेल्या प्रश्नाला किंवा सूचनेला) लावायच्या लेबलसाठी मराठी शब्द हवा आहे. मसुद्यात सध्या 'चर्वितचर्वण' आहे. दोघांनी सरळ 'बाइकशेडिंग' लिहा असं सुचवलं. जाणकारांचं मत हवं आहे.

प्रतिसाद

'बाइकशेडिंग' इथे बसत नाही. त्या शब्दाचं मूळ लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांच्या १९५७ च्या मांडणीत आहे. समिती अणुभट्टीचा प्रस्ताव झटकन मंजूर करते, कारण तो कुणालाच नीट कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र प्रत्येकाला मत असतं. पॉल-हेनिंग काम्प यांनी १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त संगणक-प्रणालीच्या मंडळींना लिहिलेल्या पत्रात हा दाखला दिला आणि तिथून तो प्रोग्रामरांच्या तोंडी रुळला. निमित्त होतं संगणकाला ठरावीक वेळ थांबायला सांगणाऱ्या 'स्लीप' या आज्ञेला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत का, एवढंच.

म्हणजे बाइकशेडिंग हा क्षुल्लकपणाचा दोष झाला. तुमचा प्रश्न पुनरावृत्तीचा आहे. परवान्याचा वाद दर वर्षी निघत असेल, पण तो क्षुल्लक नाही. उलट प्रोग्राममधल्या एखाद्या चलाचं (व्हेरिएबलचं) नाव काय ठेवावं यावर एकदाच पण प्रचंड वेळ जाऊ शकतो. दोन्हीला एकच लेबल लावलं तर परवान्याबद्दल पोटतिडकीने लिहिणाऱ्याला 'तुझा विषय फालतू आहे' असं सांगितल्यासारखं होईल.

प्रतिसाद

मराठीत या गोष्टीला शब्द इतके आहेत की निवड अर्थ पाहूनच करावी लागेल.

'चर्वितचर्वण' म्हणजे चावलेलंच पुन्हा चावणं आणि 'पिष्टपेषण' म्हणजे दळलेलं पीठ पुन्हा दळणं. पुनरावृत्ती या दोघांत नेमकी येते. 'काथ्याकूट' मध्ये पुनरावृत्तीपेक्षा निष्फळ मेहनत जास्त आहे. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणजे लांबण. 'शिळ्या कढीला ऊत' मध्ये तर हेतूवरच संशय येतो: मिटलेलं प्रकरण मुद्दाम उकरून काढणं. आणि 'खल करणे' हा या सगळ्यांत आदराचा शब्द. एखाद्या मुद्द्याचा खल केला म्हणजे तो बारीक होईपर्यंत घोटला.

अडचण अशी की 'खल' सोडला तर हे सगळे शब्द बोलणाऱ्याला टोचतात. आपसांत बोलताना ठीक आहे. पण कुणी पहिल्यांदाच प्रकल्पात आलाय, अर्धा दिवस खर्चून सूचना लिहिलीय आणि त्यावर ठळक अक्षरात 'चर्वितचर्वण' असा शिक्का पडला, तर तो माणूस परत येणार नाही. त्याने काहीच चावलेलं नव्हतं. चावलं ते आपण, त्याच्या आधी.

प्रतिसाद

वरच्या यादीत 'वितंडवाद' राहिला, आणि तो मुद्दाम वेगळा ठेवायला हवा. न्यायदर्शनात कथेचे, म्हणजे वादचर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडणं म्हणजे वितंडा. एकच विषय तिन्ही रूपांत येऊ शकतो. देखभाल करणाऱ्यांनी थांबवायची ती वितंडा; विषय जुना आहे एवढ्यावरून वाद थांबवू नये.

प्रतिसाद

माझी सूचना थोडी वेगळ्या दिशेची आहे. पुन्हा बोलण्याला नाव न देता आधी झालेल्या निर्णयाला नाव द्या.

जुन्या स्मृतिग्रंथांत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार येतात: मिथ्या, संप्रतिपत्ती, प्रत्यवस्कंदन आणि प्राङ्न्याय. प्राङ्न्याय म्हणजे 'या बाबतीत आधीच निवाडा झालेला आहे' असं उत्तर. यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट अशी की असं म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याची जबाबदारी येते. आधीच्या निवाड्याचं जयपत्र (जिंकल्याचा लेखी निकाल) त्याने पुढे ठेवायचं. नुसतं 'हे झालंय' म्हणून भागत नाही.

मुक्तस्रोत प्रकल्पांत नेमकं हेच चुकतं. जुनी मंडळी म्हणतात, 'यावर पूर्वीच चर्चा झाली आहे, शोधा.' शोधलं तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी शेकडो संदेश मिळतात आणि शेवटी काय ठरलं, का ठरलं, ते कुठेच एका जागी नसतं. अशा वेळी तो वाद पुन्हा निघण्याचा दोष विचारणाऱ्याकडे जात नाही. निवाडा लिहूनच ठेवलेला नाही, तर तो झाला असं नव्या माणसाने का मानावं?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बदल सुचवणाऱ्या प्रस्तावांत, म्हणजे पेपमध्ये, 'नाकारलेल्या कल्पना' असा एक भाग असतो. मीमांसादर्शनाच्या अधिकरणातली (एका मुद्द्याच्या विवेचनातली) विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय ही पाच अंगं ज्यांनी वाचली आहेत त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. तो पूर्वपक्षच आहे. समोरच्याची बाजू त्याला स्वतःला पटेल इतक्या प्रामाणिकपणे लिहायची आणि मग ती का स्वीकारली नाही ते सांगायचं. हा भाग नीट लिहिलेला असला की पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला आपला मुद्दा तिथे सापडतो, आणि बोलणं त्याच्या पुढून सुरू होतं.

लेबलसाठी 'प्राङ्न्याय' जड जाईल. 'पूर्वनिर्णीत' चालेल.

प्रश्नकर्ता

'पूर्वनिर्णीत' आवडला. शंका एकच: यात दार कायमचं बंद झाल्याचा भाव येतो का? डेबियन या लिनक्स-प्रकल्पात इनिट प्रणालीचा (संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रणालीचा) प्रश्न फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत अध्यक्षांच्या निर्णायक मताने सुटला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी जोडलेल्या मुद्द्यावर सर्व सदस्यांचं मतदान झालं, आणि २०१९ मध्ये पुन्हा झालं. पूर्वनिर्णीत कधी म्हणायचं मग?

प्रतिसाद

डेबियनच्या उदाहरणात प्रत्येक वेळी प्रश्न तंतोतंत तोच नव्हता. २०१४ च्या सुरुवातीला मूळ निवड कोणती ते ठरलं. २०१९ मध्ये पर्यायी प्रणालींना पाठबळ किती द्यायचं हा मुद्दा होता. याला मी चर्वितचर्वण म्हणणार नाही.

दार उघडं ठेवून निर्णय कसा लिहावा यासाठी पायथनचा पेप ३०९९ पाहा. २००६ मधला आहे. पायथन ३ मध्ये काय बदलणार नाही याची ती यादी: महिरपी कंस येणार नाहीत, परस्परसंवादी दुभाष्याचं (इंटरप्रिटरचं) ते तीन बाणांचं चिन्ह तसंच राहील, वगैरे. त्यातलं एक कलम म्हणतं की पार्सर (लिहिलेल्या कोडची रचना ओळखणारा भाग) एलएल(१) या साध्या पद्धतीपेक्षा गुंतागुंतीचा होणार नाही. कारण एका ओळीत दिलंय: साधं असणं हे गुंतागुंतीपेक्षा बरं.

आता पुढे काय झालं? २०२० मध्ये पेप ६१७ आला, आणि त्याच्या लेखकांत खुद्द पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम आहेत. त्यांनी दाखवलं की व्याकरण एलएल(१) मध्ये कोंबण्यासाठी इतक्या आडवाटा घ्याव्या लागताहेत की तो साधेपणा नावापुरताच उरला आहे. पायथन ३.९ मध्ये 'पेग' या वेगळ्या पद्धतीचा नवा पार्सर आला. जुना निर्णय ज्या कारणावर उभा होता ते कारणच आता लागू पडत नाही, असं दाखवून तो बदलला. कारण लिहून ठेवलेलं होतं म्हणून ते तपासता आलं.

त्याच यादीत 'कोलन-बरोबर' (:=) सारखं, नावाला किंमत बांधणारं वेगळं चिन्ह येणार नाही असंही कलम आहे. तेही ३.८ मध्ये आलं, पण ते आणणाऱ्या पेप ५७२ वरच्या वादाने माणसं इतकी थकली की जुलै २०१८ मध्ये गिदो अंतिम निर्णयाच्या भूमिकेतून बाजूला झाले आणि पुढे पाच जणांची निवडून दिलेली सुकाणू परिषद आली. वाद पुन्हा उघडण्याची किंमत माणसं मोजतात, म्हणून त्याला काहीतरी अट हवीच. माझ्या मते ती एवढीच असावी: मागच्या निर्णयानंतर काय बदललं ते सांगा. नवी मोजमापं, नवी अडचण, नवा वापर, काहीही. 'मला अजूनही पटलेलं नाही' हे खरं असू शकतं, पण ते नवं नाही.

शैलीच्या वादांसाठी मात्र इतका खटाटोप नको. गो या प्रोग्रामिंग भाषेने कोडची मांडणी आपोआप करणारं 'गोफमट' नावाचं साधनच दिलं, ते टॅब घालतं, आणि विषय यंत्राकडे गेला. जिथे दोन्ही उत्तरं चालण्यासारखी असतात तिथे असंच करावं.

प्रश्नकर्ता

मग लेबलं दोन ठेवतो, 'पूर्वनिर्णीत' आणि 'पुनर्विचार'. पहिल्याचा मजकूर असा:

'या विषयावर निर्णय झाला आहे. निर्णय, त्याची कारणं आणि नाकारलेले पर्याय सोबतच्या दुव्यावर आहेत. त्यानंतर परिस्थितीत काही बदललं असेल तर ते इथेच लिहा. आम्ही लेबल बदलून पुनर्विचार सुरू करू.'

आणि देखभाल करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना: दुवा देता येत नसेल तर हे लेबल लावू नये.

प्रतिसाद

उत्तम. फक्त 'निर्णीत' मधला 'णी' दीर्घच ठेवा. बरेच जण 'निर्णित' लिहितात. आणि 'सोबतच्या दुव्यावर' ऐवजी 'खालील निर्णयनोंदीत' केलंत, तर नोंद लिहूनच ठेवावी लागेल.