मदत हवी आहे: औषध बंद केलं तरी मॉडेलमधल्या सेन्सिटिव्ह पेशी परत येईनात, सोमवारी सबमिशन

एमएस्सी_सोलापूर: दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय. डिझर्टेशनचा विषय कॅन्सरची अडॅप्टिव्ह थेरपी, म्हणजे औषध चालू-बंद करत रोग आटोक्यात ठेवायचा. दोन प्रकारच्या पेशी घेतल्यात, औषधानं मरणाऱ्या (सेन्सिटिव्ह) आणि न मरणाऱ्या (रेझिस्टंट), गेम थिअरीतलं रेप्लिकेटर इक्वेशन लावलंय, कुठल्या पेशींचा वाटा कसा वाढतो-घटतो ते काढणारं, औषध चालू असताना रेझिस्टंट वाढतात ते बरोबरच आहे पण बंद केल्यावर सेन्सिटिव्ह परत वाढायला पाहिजेत ना, वाढतच नाहीत, आलेख सरळ रेघ. गाईड फोन उचलेनात. बघा ना कुणीतरी, लई अर्जंट आहे.

जुळे_सोलापूर_गणित: आकडे कुठायत? रेझिस्टन्सची किंमत धरलीयस का? औषध बाहेर फेकायला त्या पेशींची ताकद खर्च होते म्हणून औषध नसताना त्या मागं पडतात. ती किंमतच नसेल तर सेन्सिटिव्ह कशाला पुढं येतील.

एमएस्सी_सोलापूर: धरलीय सर. वाढीचा वेग औषध नसताना सेन्सिटिव्ह १, रेझिस्टंट ०.८. औषध असताना ०.३ आणि ०.८.

कोडवाला: कोड पायथनमध्ये असेल तर सोड, आर भाषेत कर. मी सगळं आरमध्येच करतो, आलेखपण छान येतात.

विजापूर_वेस: मुळात ही गेम थिअरी नाहीच. आकडे कायम ठेवलेस, मग ती नुसती नैसर्गिक निवड झाली. कुणाचा किती फायदा हे आजूबाजूला कोण किती आहे त्यावर ठरलं तर तो खेळ. उत्क्रांतीला गेम थिअरी लावणाऱ्या मेनार्ड स्मिथ आणि प्राइसनी १९७३ ला हेच मांडलं, सगळीकडं पारवे असले की ससाण्याची चंगळ, आणि ससाणेच ससाणे झाले की एकमेकांना फाडून बसतात.

जुळे_सोलापूर_गणित: मुद्दा खराय पण त्याची अडचण ती नाही ना. कायम आकड्यांवरसुद्धा इक्वेशन चालतं, १ विरुद्ध ०.८ म्हणजे सेन्सिटिव्ह वर यायलाच पाहिजेत.

विजापूर_वेस: आणि व्हायवाला परीक्षकानं विचारलं यात खेळ कुठाय, तर काय सांगणार तो? आत्ताच दुरुस्त केलेलं बरं.

सांगोला_डाळिंब: मी शेतकरी, गणितातलं कळत नाही पण आमच्याकडं डाळिंबाच्या तेल्या रोगावर हेच होतंय. तेच ते अँटिबायोटिक मारत गेलो, आधी गुण यायचा, आता येईना. मग थोडी बाग बिनफवारणीची ठेवायची का?

विजापूर_वेस: दादा, तेल्याला ते करू नका, पावसाच्या थेंबांनी रोग शेजारच्या झाडावर जातो. पण कॅन्सर संशोधक गेटनबींनी कॅन्सरसाठी अडॅप्टिव्ह थेरपीचा विचार मांडला तेव्हा उदाहरण किडींचंच दिलं होतं, सगळी कीड मारायला गेलं की मागं फक्त औषधाला न जुमानणारी उरते.

पाखर_पेठ: माझ्या मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, गोळ्या चालू आहेत. मधेमधे बंद केलेल्या चालतात असा याचा अर्थ आहे का?

वॉर्डमधली_ताई: अजिबात बंद करू नका, मामांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळी चुकवायची नाही. फ्लोरिडात मॉफिट कॅन्सर सेंटरला हे करून बघितलं, २०१७ ला छापून आलं, ॲबिरॅटेरॉन या प्रोस्टेट कॅन्सरच्या औषधावर असलेले फक्त ११ रुग्ण. पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, त्यावरून रोगाचा अंदाज येतो) निम्म्यावर आला की औषध थांबवायचं, मूळ पातळीवर गेला की परत चालू. रोग जास्त दिवस आटोक्यात राहिला पण संख्या लहान होती आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते. आणि त्यांची तपासणी सारखी चालू होती, हे घरी होत नाही.

पाखर_पेठ: बरं झालं विचारलं ताई.

जुळे_सोलापूर_गणित: ए एमएस्सी, कोडमधला लूप जसाच्या तसा टाक बघू. आलेख शून्याला चिकटलाय का शून्याच्या जवळ आहे?

एमएस्सी_सोलापूर: चिकटलाय. हां, एक ओळ आहे, पेशींचा वाटा ०.०१ च्या खाली गेला की शून्य करायचा. आलेख स्वच्छ दिसावा म्हणून टाकलेली, सांगायची राहिली.

जुळे_सोलापूर_गणित: अरे मग तेच की! या इक्वेशनमध्ये म्युटेशन नसतं, शून्य झालेलं कायम शून्यच राहतं. तुझं औषध इतका वेळ चालू आहे की सेन्सिटिव्ह ०.०१ च्या खाली जातात आणि तू त्यांना पुसून टाकतोस. ओळ काढ, आणि औषध लवकर थांबवूनपण बघ. सेन्सिटिव्ह थोड्या तरी शिल्लक ठेवायच्या, याच्यावरच तर तुझा विषय उभाय बे.

एमएस्सी_सोलापूर: आला!! वर आला आलेख! सर खूप खूप आभार. विजापूर वेस, वाट्यावर बदलणारे आकडे कसे धरू तेवढं सांगा, आज रात्रीच घालतो.

सांगोला_डाळिंब: आमच्या तेल्याचं कुणी सांगेल का?

विजापूर_वेस: दादा, केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, रोगट फांदी पिशवीत बांधून घेऊन जा. एमएस्सी, तुझं जेवण झाल्यावर लिहितो.