पहिली संरक्षित क्रूझर ‘एस्मेराल्डा’: तिची कारकीर्द तिच्या कीर्तीला साजेशी होती का?

उत्तरवारा:
आरंभीच्या क्रूझर, म्हणजे वेगवान, मध्यम आकाराच्या युद्धनौकांविषयी काहीही वाचायला घेतले, की चिलीच्या ‘एस्मेराल्डा’चे नाव हमखास पुढे येते. आर्मस्ट्राँग कंपनीने जॉर्ज रेंडेल यांच्या आराखड्यावरून ती इंग्लंडमध्ये बांधली, १८८३ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि पुढच्या वर्षी ती चिलीच्या आरमारात दाखल झाली. जेमतेम तीन हजार टनांच्या या नौकेवर दहा इंची दोन आणि सहा इंची सहा तोफा होत्या, आणि तिचा वेग अठरा नॉटच्या वर होता. त्या काळी तिच्या तोडीची क्रूझर जगात नाही असे मानले जात होते. मात्र तिच्या प्रत्यक्ष सेवेचा आढावा घेतला, तर तिने समोरासमोरच्या लढतीत एखादी मोठी नौका बुडवल्याची नोंद मला कोठेही आढळत नाही. मग तिचे एवढे महत्त्व केवळ आराखड्यापुरतेच मानायचे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोळसाकोठी:
आराखड्याचे महत्त्व ‘केवळ’ म्हणून बाजूला सारता येणार नाही. तिच्या आधीच्या बहुतेक क्रूझरांवर इंजिनाच्या जोडीला शिडे असत. एस्मेराल्डावर शिडांचा सरंजामच ठेवला नव्हता. त्यामुळे वाचलेले वजन यंत्रे आणि तोफा यांच्या कामी आले. बाजूंना चिलखत नव्हते. त्याऐवजी नौकेच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीसारखा पोलादी डेक घातलेला होता, मध्यभागी सुमारे एक इंच आणि उतरत्या कडांना दोन इंच जाडीचा. अशा डेकमुळेच तिला ‘संरक्षित’ क्रूझर म्हणतात. इंजिने, बॉयलर आणि दारूगोळा हे सगळे त्याच्या खाली सुरक्षित राहत असे, तर वरच्या भागातील कोळशाच्या कोठ्या गोळ्यांचा मार काही प्रमाणात अडवत असत.

यात एक गंभीर उणीव होती. तो डेक जलरेषेच्या खाली बसवलेला होता. जलरेषेपाशी गोळे लागून भोके पडली असती, तर डेकच्या वर पाणी शिरून नौका अस्थिर झाली असती. शिवाय एवढ्या लहान, पाण्यापासून फारशा उंच नसलेल्या नौकेवर दहा इंची तोफा म्हणजे खवळलेल्या समुद्रात नेम धरणे अवघडच. पुढे जपानसाठी ‘नानिवा’ ही क्रूझर बांधताना हा डेक अधिक उंच घेतला गेला, यावरून बांधणाऱ्यांनाही ती उणीव पटली होती हे स्पष्ट होते. माझ्या मते एस्मेराल्डा ही निर्दोष नौका नव्हती, पण पुढच्या पंचवीस वर्षांतील शेकडो क्रूझरांची दिशा तिने ठरवली.

नांगरवाडी:
सेवेबद्दल लिहितो. एप्रिल १८८५ मध्ये कोलंबियातील यादवीच्या निमित्ताने अमेरिकेने तेव्हा कोलंबियाचाच भाग असलेल्या पनामात सैन्य उतरवले, तेव्हा चिलीने एस्मेराल्डाला तिकडे धाडले. तिच्या धाकाने अमेरिकेने माघार घेतली, ही कथा चिलीत आवडीने सांगितली जाते. पण कोलंबिया सरकारचे स्वतःचे सैन्यही त्याच सुमारास पनामात पोहोचले होते, त्यामुळे सगळे श्रेय एस्मेराल्डाला देणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेच्या आरमाराला आपल्या जुनाट लाकडी जहाजांची लाज वाटावी एवढे मात्र तिने नक्की केले.

१८९१ च्या चिलीतील यादवीत आरमाराने राष्ट्राध्यक्ष बालमासेदा यांच्याविरुद्ध काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, बाजू घेतली, आणि एस्मेराल्डा त्या बाजूला होती. या काळातील एक प्रसंग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ‘इटाटा’ हे जहाज काँग्रेस पक्षासाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून बंदुका घेऊन निसटले आणि अमेरिकेची क्रूझर ‘चार्ल्सटन’ त्याच्या मागावर निघाली. मेक्सिकोतील आकापुल्को बंदरात चार्ल्सटन आणि एस्मेराल्डा समोरासमोर आल्या आणि दोन्हींवर लढाईची तयारी झाली. चार्ल्सटनच्या बांधणीचे नकाशे आर्मस्ट्राँगकडूनच विकत घेतलेले होते आणि तिचा आराखडा नानिवाच्या जवळचा होता. म्हणजे एकाच घराण्यातील दोन नौका एकमेकींवर तोफा रोखून होत्या! सुदैवाने गोळी सुटली नाही.

दूरबीण:
जपानी कालखंडाचा उल्लेख व्हायलाच हवा. १८९४ मध्ये चीन आणि जपान यांचे युद्ध चालू असताना चिलीने तटस्थतेचा भंग दिसू नये म्हणून ही नौका कागदोपत्री इक्वेडोरला विकली आणि इक्वेडोरच्या ध्वजाखाली ती जपानला रवाना झाली. हा व्यवहार उघडकीस येताच ‘देशाचा ध्वज विकला’ म्हणून इक्वेडोरमध्ये प्रक्षोभ उसळला. एप्रिल १८९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुईस कोर्देरो यांना पायउतार व्हावे लागले आणि जूनमध्ये एलॉय अल्फारो यांच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी क्रांती झाली. एका जुन्या क्रूझरच्या विक्रीतून एखाद्या देशाची राजवट कोसळण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

जपानने तिचे नाव ‘इझुमी’ ठेवले. पुढे तिच्या अवजड तोफा काढून जलद मारा करणाऱ्या हलक्या तोफा बसवल्या. माझ्या दृष्टीने तिच्या सेवेचा कळस म्हणजे रशिया-जपान युद्धातील २७ मे १९०५ ची सकाळ. ‘शिनानो मारू’ या जपानी टेहळणी जहाजाने पहाटे रशियाच्या आरमाराचा पत्ता लावला, पण त्याचा माग सतत ठेवण्याचे काम इझुमीने केले. धुक्यातून कित्येक तास ती रशियन ताफ्याच्या उजव्या हाताला समांतर चालत राहिली आणि बिनतारी यंत्रावरून त्याची दिशा, वेग व रचना जपानी आरमाराचे प्रमुख ॲडमिरल टोगो यांना कळवत राहिली. रशियन प्रमुख नौकेच्या तोफा तिच्यावर रोखलेल्या होत्या, पण झाडल्या गेल्या नाहीत. ‘उराल’ या रशियन जहाजावरील शक्तिशाली यंत्राने तिचे संदेश बुजवता आले असते. पण रशियन ताफ्याचे प्रमुख रोझेस्टवेन्स्की यांनी तीही परवानगी दिली नाही. दुपारी दोनच्या सुमारास त्सुशिमाची लढाई पेटली, तेव्हा शत्रू कोठून आणि कसा येतो आहे हे टोगो यांना आधीच माहीत होते.

उत्तरवारा:
सर्वांचे आभार. कारकीर्द मोजण्याचे माझे मापच अपुरे होते, हे आता पटले. एक शंका उरते: एवढ्या अभिमानाची नौका चिलीने विकायला काढली तरी का?

नांगरवाडी:
कारण दहा वर्षांत ती मागे पडली होती. बावीस नॉटच्या वर धावणारी ‘ब्लांको एन्कलाडा’ १८९३ मध्ये आर्मस्ट्राँगच्या गोदीतूनच पाण्यात उतरली होती. एस्मेराल्डा हे नाव मात्र चिलीने सोडले नाही. १८७९ मध्ये इकिकेच्या सागरी लढाईत चिलीचे वीर आर्तुरो प्रात ज्या नौकेचे कप्तान होते, तिचे ते नाव. १८९६ मध्ये त्याच नावाची नवी, बाजूंना चिलखत असलेली क्रूझर आर्मस्ट्राँगनेच पाण्यात उतरवली. जुनी एस्मेराल्डा इझुमी म्हणून जपानच्या सेवेत १९१२ पर्यंत होती.