गाडी चालवताना स्मार्टवॉच, स्मार्ट चष्मा: ड्रायव्हरना परवानगी द्यावी का?

गोदाकाठची (नाशिक):

नमस्कार. आमचा नाशिकला टूरिस्ट गाड्यांचा व्यवसाय आहे. सासऱ्यांनी एका ॲम्बेसेडरवर सुरू केला, आता मी बघते. शिर्डी, त्र्यंबक, वणी आणि मुंबई एअरपोर्ट ही आमची नेहमीची भाडी. चालवताना फोन हातात घ्यायचा नाही हा नियम पहिल्यापासून आहे आणि पोरं तो पाळतात. पण आता अंगावर घालायच्या वस्तू आल्यात. त्यांच्यासाठी काय लिहून गाडीत चिकटवायचं, यावर घरात आणि ऑफिसात दोन्हीकडे वाद चाललाय.

बहुतेक तरुण ड्रायव्हरांच्या मनगटावर स्मार्टवॉच असतं. फोन होल्डरला शांत बसलेला, पण मेसेज आला की घड्याळ थरथरतं आणि नजर जातेच. कसारा घाटात मी मागच्या सीटवरून पाहिलंय, स्टेअरिंग वळवलं की मनगट फिरतं आणि घड्याळाचा स्क्रीन आपोआप उजळतो. रात्री गाडीत सगळा काळोख, त्यात तो एवढासा उजेड डोळ्यात खुपतो.

एकाने कॅमेरा आणि स्पीकरवाला चष्मा घेतलाय. रे-बॅन मेटाचे हे चष्मे मे २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागलेत. त्याचं म्हणणं, हात स्टेअरिंगवर, नजर रस्त्यावर, कॉल कानात, मग हरकत कसली?

आणि आमचे काका. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे आहेत, इन्शुलिन घेतात. मुलीने त्यांच्या दंडाला शुगरचा सेन्सर लावून दिलाय. शुगर उतरायला लागली की फोन वाजतो आणि आकडा घड्याळावर दिसतो. त्यांचं घड्याळ मी कोणत्या तोंडाने काढायला सांगू?

सरसकट बंदी घातली तर काकांवर अन्याय होतो. त्यांना सूट दिली तर पोरं म्हणणार, मग आम्हाला का नाही? कायदा काय म्हणतो, बाहेर काय करतात, आणि स्वतः चालवणाऱ्यांना काय वाटतं, ते सांगा. ‘ज्याचं त्याने ठरवावं’ असं उत्तर कृपया नको. मागे कोणाची तरी म्हातारी आई बसलेली असते.

घोटीचा (घोटी):

ताई, मी स्वतः टॅक्सी चालवतो, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूने लिहितो. घड्याळ मी पण घालतो. फोन कोणाचा आहे ते मनगटावर कळतं, मग होल्डरकडे वाकावं लागत नाही. हा फायदा खरा आहे.

दुसरं, समृद्धीवर दुपारी चालवून बघा. वळण नाही, सिग्नल नाही, आमच्या गाडीचा गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) ८० वर लावलेला, आवाज एकसारखा. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. अशा वेळी कानात कोणी बोलत असलं तर बरं वाटतं. म्हणून चष्म्यावाल्या पोराला एकदम वाईट ठरवू नका.

पण तुम्हाला नियमच करायचा असेल तर आधी हे बघा की ड्रायव्हरला चालत्या गाडीत फोन करतं कोण. बायको करत नाही, तिला ड्यूटी माहीत असते. ऑफिस करतं. “कुठे पोचला? पार्टीला घेतलं का? परतीचं भाडं आहे, घेणार का?” उचलला नाही तर भाडं दुसऱ्याला जातं. मग तो मनगटाकडे बघणार नाही तर काय करणार? घड्याळ काढून घेतलं तर तो फोनकडे बघेल. बंदी एकट्या ड्रायव्हरवर नको, फोन करणाऱ्यावर पण पाहिजे.

ग्वेल्फकर (ऑन्टॅरिओ, कॅनडा):

ताई, मी गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे स्क्रीन डिझाइन करण्याच्या कामात आहे. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि माझ्या गावाचाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ मध्ये इथे ग्वेल्फमध्येच एका विद्यार्थिनीला ॲपल वॉचवरून दंड झाला. रात्री ती सिग्नलला थांबली होती. मनगटाजवळचा उजेड पोलिसाला दिसला, दिवा हिरवा झाला तरी गाडी हलेना. तिचं म्हणणं, मी फक्त वेळ बघत होते आणि घड्याळ फोनला जोडलेलंही नव्हतं. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. घड्याळ फोनपेक्षा लहान आहे का, याला महत्त्व नाही. ते संदेश घेणारं-देणारं साधन आहे आणि ड्रायव्हरचं लक्ष त्याने वेधून घेतलं, असं म्हणून ४०० डॉलर दंड कायम केला.

याच्या उलट निकाल कॅलिफोर्नियात लागला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन दिएगोला एका बाईंना वेगासाठी अडवलं, डोळ्यावर गुगल ग्लास (छोटा स्क्रीन असलेला स्मार्ट चष्मा) दिसला म्हणून त्याचंही तिकीट दिलं. जानेवारी २०१४ मध्ये त्या सुटल्या, कारण ग्लास त्या क्षणी चालू होता हे कोणी सिद्ध करू शकलं नाही. तुमच्या नियमासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘घालायला हरकत नाही, वापरायचा नाही’ असं लिहिलंत तर वापरला की नाही हे तुम्ही ऑफिसात बसून कसं ठरवणार?

आता घोटीच्या दादांच्या मुद्द्यावर येतो. ‘मनगटावर कळतं, वाकावं लागत नाही’ हे ऐकायला पटतं, पण हात काय करतात ते पाहा. होल्डरमधल्या फोनला एक हात पुरतो. घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर ते नजरेसमोर आणायला डावा हात उचलावा लागतो आणि त्यावर बोट फिरवायला उजवा. म्हणजे स्टेअरिंगवर कोणीच नाही. अक्षरं एवढी बारीक की एका नजरेत वाचून होत नाहीत. ब्रिटनच्या ट्रान्सपोर्ट रिसर्च लॅबोरेटरीचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: घड्याळावरचा मेसेज वाचणाऱ्याला अचानक काही घडल्यावर प्रतिसाद द्यायला २.५२ सेकंद लागतात, हातातल्या फोनवर १.८५, शेजाऱ्याशी बोलताना ०.९. तुमच्या गाड्या ८० ने चालतात. २.५२ सेकंदांत गाडी ५६ मीटर जाते, आणि ब्रेकवर पाय पडायचा तो त्यानंतर.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाड्यांतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एक नजर २ सेकंदांच्या आत आणि पूर्ण काम १२ सेकंदांच्या आत संपावं असं आहे. आम्ही डिझाइन करताना हेच धरून चालतो. घड्याळ बनवणाऱ्यांनी ते ड्रायव्हरसाठी बनवलेलंच नाही.

चष्म्याचं मला जास्त वाटतं, कारण त्याचा युक्तिवाद फसवा आहे. नजर रस्त्यावर असली म्हणजे लक्ष रस्त्यावर असतं असं नाही. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. फोनवर बोलणाऱ्यांचे डोळे समोरच्या वस्तूवर असतात, पण नंतर विचारलं तर ती पाहिल्याचं त्यांना आठवत नाही. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात तर बोलून हुकूम द्यायच्या काही यंत्रणांमध्ये, काम संपल्यावरही २७ सेकंदांपर्यंत मन पूर्ण परत आलेलं नव्हतं. ८० च्या वेगाने ते ६०० मीटर झाले. हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित नाही, हे टोरोंटोच्या अपघातांवरून १९९७ मध्येच मांडलं गेलं होतं.

गुगल ग्लासवर सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचाही २०१४ चा प्रयोग आहे, सिम्युलेटरवर ४० तरुणांचा. पुढची गाडी अचानक थांबली तेव्हा ग्लासवर मेसेज करणारे फोनवाल्यांपेक्षा काही लवकर सावरले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ब्रेक मारायला त्यांनाही फोनवाल्यांइतकाच उशीर झाला.

शेजारी बसलेला माणूस घाट आला की आपोआप गप्प होतो, कारण त्यालाही रस्ता दिसतो. फोनवरच्याला दिसत नाही. समृद्धीवर झोप येते तिचा उपाय कानात शोधू नका दादा. गाडी थांब्यावर घ्या आणि वीस मिनिटं झोपा.

ताई, काकांच्या सेन्सरबद्दल मात्र मी वेगळा विचार करेन. तो त्यांच्याकडून काही मागत नाही, धोका असेल तेव्हाच बोलतो. चालवणाऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या वस्तूला आणि चालवणाऱ्याचं लक्ष मागणाऱ्या वस्तूला एकच नियम लावू नका.

वकिलीण (पुणे):

कायद्यापुरतं सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने, चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे धरलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड, किंवा दोन्ही. २०२० मध्ये केंद्रीय नियमांत असं साधन फक्त रस्ता शोधायला वापरायची मुभा आली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

घड्याळ आणि चष्मा ‘हातात धरलेले’ नाहीत, असा बचाव कोणीही करेल. पण अपघात झाला की तेवढ्यावर भागत नाही. बेदरकारपणे चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहे, माणूस गेला तर १०६. तिथे वस्तू हातात होती की डोळ्यावर याने फरक पडत नाही, लक्ष कुठे होतं ते बघितलं जातं. आणि भरपाईच्या दाव्यात गाडीचा मालक म्हणून तुमचं नाव येतंच. तेव्हा नियम लेखी करा, मराठीत करा, ड्रायव्हरची सही घ्या.

चष्म्याच्या कॅमेऱ्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते. मागच्या सीटवरच्या बाईला आपलं चित्रण होतंय का, हे कळायचा मार्ग म्हणजे त्या फ्रेमवरचा बारीक दिवा. तो समोरच्या बाजूला असतो, तिला दिसतही नाही. एकटीने पहाटे एअरपोर्टला जाणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडे असतील. एवढं एक कारणही मला पुरेसं आहे.

साखरवाट (सोलापूर):

मला टाइप १ मधुमेह आहे, कॉलेजपासून इन्शुलिनवर, आणि रोज गाडी चालवते. काकांसाठी लिहितेय.

शुगर उतरते तेव्हा निर्णयशक्ती जाते. घाम, थरथर ही तिची सूचना, पण अनेक जुन्या रुग्णांना ती लक्षणं जाणवेनाशी होतात. म्हणून सेन्सर काढायला सांगू नका. पण घड्याळाची गरज आहे असं मात्र मला वाटत नाही. अलार्म फोन वाजवतो, घड्याळ फक्त तो दाखवतं. फोन होल्डरला ठेवून अलार्मचा आवाज मोठा ठेवला की काम झालं. आकडा किती ते चालताना बघायचंच नाही. वाजलं की इंडिकेटर द्या, गाडी बाजूला घ्या, बंद करा, मग बघा. ब्रिटनमध्ये २०१९ पासून कारचालकांना बोट टोचण्याऐवजी सेन्सर चालतो, पण तिथेही आकडा गाडी सुरक्षित जागी थांबवूनच पाहायचा असतो.

तिथले बाकीचे नियमही काकांना वाचून दाखवा. निघण्याआधी दोन तासांच्या आत शुगर तपासायची, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी. ९० किंवा त्याखाली असेल तर आधी खायचं, ७२ च्या खाली असेल तर चालवायचंच नाही. लो झाली तर गोड खाऊन शुगर वर आल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं, कारण मेंदू मागाहून सावरतो. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. शुगर वेगाने पडत असेल तेव्हा घड्याळावर ८५ दिसत असताना खरी ७० ला आलेली असू शकते. मी चालवताना अलार्मची मर्यादा ७० वरून १०० वर नेते. काकांनी डॉक्टरांना विचारून तसं करावं. आणि ग्लुकोज पावडर डिकीत नको, दाराच्या खणात पाहिजे.

एक विनंती. त्या ४५ मिनिटांचे पैसे कापू नका, आणि गिऱ्हाईक ओरडलं तर तुम्ही स्वतः बोला. पैसे कापले जातात म्हणून माणसं अलार्म बंद करतात. हे मी आमच्या रुग्णांच्या गटात ऐकलंय.

गोदाकाठची (नाशिक):

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी सगळ्या ड्रायव्हरांसमोर वाचून दाखवलं. नियम असा ठरतोय:

गाडी सुरू करण्याआधी स्मार्टवॉच काढून डॅशबोर्डच्या खणात. वेळ बघायला गाडीत घड्याळ आहेच. कॅमेऱ्याचा किंवा स्पीकरचा चष्मा ड्यूटीवर नाही. ज्याला नंबर आहे त्याने साधा चष्मा आणायचा, कारण ‘बंद करून घातलाय’ हे मी तपासू शकत नाही. औषधोपचाराचा सेन्सर कोणालाही चालेल, त्याचा अलार्म फोनवर मोठ्याने वाजेल, आणि वाजल्यावर गाडी थांबवणाऱ्याचा एक रुपयाही कापला जाणार नाही. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात छापतेय.

घोटीच्या दादा, तुमचा मुद्दा पोरांनी टाळ्या वाजवून उचलून धरला. चालत्या गाडीला ऑफिसातून फोन करायचा नाही. गाडी कुठे आहे ते जीपीएसवर दिसतंच, परतीचं भाडं मेसेजने टाकायचं आणि ड्रायव्हरने पुढच्या थांब्यावर उत्तर द्यायचं. तोवर ते भाडं त्याच्याच नावावर राखून ठेवायचं. चष्मेवाला पोरगा अजून नाराज आहे. त्याला ग्वेल्फकरांचा ६०० मीटरचा हिशेब नीट समजावणार आहे, रागावून नाही.

काकांनी मात्र एक अडचण सांगितली आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कसारा घाटात अलार्म वाजला तर थांबायचं कुठे? मागून कंटेनर येत असतात, कडेला जागा नसते, आणि वळणावर थांबणं शुगरइतकंच जिवावरचं. साखरवाट, त्यांनी घाटात शिरण्याआधी इगतपुरीला आणि परत येताना कसाऱ्याला थांबून शुगर बघायची, १२० च्या खाली असेल तर आधी खायचं, असं ठरवलं तर पुरेल का? घोटीच्या दादा, घाटात गाडी सुरक्षित उभी करता येईल अशा जागा तुम्हाला ठाऊक असतील. उतरताना आणि चढताना, दोन्ही बाजूंच्या लिहून द्याल का? काकांच्या गाडीत चिकटवायच्या आहेत.