‘शक्यतो कर्करोगकारक’ चालेल का?

रेघोटी
मंडळी, एका आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. लेख ॲस्पार्टेमवर आहे, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोडीच्या रसायनावर. जागतिक आरोग्य संघटनेची लियाँला कर्करोग संशोधन संस्था आहे, आयार्क. तिने जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम ‘२ब’ गटात टाकलं. त्यांचे गट असे: १ म्हणजे कर्करोगकारक, २अ म्हणजे ‘प्रॉबेबली’ कर्करोगकारक, २ब म्हणजे ‘पॉसिबली’ कर्करोगकारक, आणि ३ म्हणजे ठरवता येत नाही.

मी २अ ला ‘बहुधा’ आणि २ब ला ‘शक्यतो’ लिहिलं. संपादकांनी काही म्हटलं नाही. कच्चा खर्डा आईने वाचला आणि विचारलं, “शक्यतो कर्करोगकारक म्हणजे काय गं? जमलं तर करतो, नाही जमलं तर राहू दे म्हणतो?”

तेव्हापासून ते वाक्य वाचलं की मलाच हसू येतंय. दोन वेगळे शब्द सुचवा. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

तळटीप
आईंना माझा दंडवत. ‘शक्यतो’ म्हणजे होता होईल तो, शक्य असेल तिथवर. ‘गोळी शक्यतो जेवणानंतर घ्यावी.’ या शब्दात घेणाऱ्याचा प्रयत्न अपेक्षित आहे. ॲस्पार्टेम प्रयत्न करत नसते. ‘कदाचित’च्या जागी ‘शक्यतो’ हा निव्वळ आळस आहे.

भोचक
तळटीपकाका, आमच्या हपिसात सगळे ‘तो शक्यतो येणार नाही’ असंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. तो येतही नाही.

तळटीप
कळते म्हणून बरोबर ठरत असेल तर खुणांनीच बोलावे.

गुळवेल
मी परिचारिका आहे, वीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली. ‘सगळ्यांना कळतं’ यावर एक किस्सा. घरी सोडताना एका कागदावर लिहिलं होतं, ‘टाके शक्यतो दहाव्या दिवशी काढणे.’ आजोबा आणि त्यांचा मुलगा सोळाव्या दिवशी उगवले. टाक्यांवर कातडी चढायला लागली होती, चिमट्याने एकेक उचलताना आजोबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, “तुम्ही ‘बहुतेक दहाव्या दिवशी’ लिहिलंत, आम्हाला वाटलं नक्की दिवस फोन करून कळवाल.” आजोबा टेबलावरून ओरडले, “मी सांगत होतो ना, दहाव्यालाच जायचं!”

एकच कागद, एकच घर. बापाने एक अर्थ घेतला, लेकाने दुसरा. तेव्हापासून आम्ही कागदावर तारीख लिहितो.

भोचक
हे मात्र भारी. पण ताई, यात मुलाची चूक काय? भाषा पुढे गेली, कागद मागे राहिला.

उंबरठा
व्युत्पत्तीने निकाल लागावा. शक्यतो हे ‘शक्यतः’ असणार, स्वभावतः, वस्तुतः, मुख्यतः यांच्या रांगेतलं. म्हणजे ‘शक्यतेच्या अंगाने’. मग नवा अर्थ काही इतका परका नाही.

तळटीप
अजिबात नाही. शक्य + तों. जुन्या मराठीतले ‘जों-तों’मधले तों, म्हणजे तोवर. ‘शक्यतोवर’ हे रूप आजही ऐकू येते, ते काय आकाशातून पडले? आणि ‘स्वभावतो’, ‘वस्तुतो’ असे कोणी म्हणते का?

उंबरठा
‘वस्तुतो’ म्हणत नाहीत हे मान्य. पण सगळे शब्द एका वेळी झिजत नाहीत.

खडूफळा
रेघोटीताई, मी गणित शिकवतो, मला यात अडचणच दिसत नाही. पाठ्यपुस्तकात प्रॉबॅबिलिटीला ‘संभाव्यता’ आहे. म्हणून प्रॉबेबल ते संभाव्य, पॉसिबल ते शक्य. २अ संभाव्य कर्करोगकारक, २ब शक्य कर्करोगकारक. मुलांनाही कळेल.

अर्धविराम
खडूफळासर, ‘शक्य कर्करोगकारक’ हे मराठी नव्हे. आणि ‘संभाव्य’चा भरवसा धरू नका, मी त्याचे चटके खाल्ले आहेत.

मी औषधचाचण्यांची संमतिपत्रं मराठीत करते. या कामात उलट भाषांतर नावाची परीक्षा असते. माझं मराठी दुसऱ्या कुणाकडे जातं, त्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं, तो त्याचं पुन्हा इंग्रजी करतो आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतात. मी ‘संभाव्य दुष्परिणाम’ लिहिलं होतं, मनात अर्थ ‘होऊ शकतील असे’. परत आलं ते ‘एक्स्पेक्टेड’! अपेक्षित दुष्परिणाम! समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह, तेही दोनदा गिरवलेलं. दुसऱ्या खेपेला ‘संभवनीय’ केलं तर ‘लाइकली’ होऊन आलं. शेवटी ‘हे त्रास काही जणांना होऊ शकतात’ असं साधं वाक्य लिहिलं, तेव्हा कुठे सुटका.

शब्द तोलत बसण्यापेक्षा क्रियापद वापरा, एवढंच म्हणेन. ‘होऊ शकतो’मध्ये जे सरळ बसतं ते ‘संभाव्य’मध्ये नाही बसत.

खडूफळा
मग पाठ्यपुस्तक चुकीचं?

अर्धविराम
पाठ्यपुस्तकात शेजारी फासा काढलेला असतो, सर. संमतिपत्रात नसतो.

तळटीप
मराठीत ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ हे दोन स्वच्छ शब्द असताना ही कसरत कशासाठी? २अ बहुधा, २ब कदाचित. विषय संपला.

भोचक
काका, एक शंका. संस्कृतात ‘बहुधा’चा अर्थ काय हो?

तळटीप
अनेक प्रकारे.

भोचक
आणि ‘कदाचित्’चा?

तळटीप
कधीतरी, एखाद्या वेळी. तुम्ही कुठे निघाला आहात ते दिसते आहे. ते बदल शतकांच्या वापरातून झाले, एका हपिसात नाही.

भोचक
म्हणजे शतकं झाली की आळसाला परंपरा म्हणायचं. नोंद केली.

उंबरठा
+१. ‘बहुतेक’चंही तसंच. ‘बहुतेक रुग्ण बरे झाले’ ही मोजदाद आहे, ‘रुग्ण बहुतेक बरा होईल’ हा अंदाज आहे. एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि आपण रोज निभावून नेतो.

नाडी
उशिरा येतोय. रोगपरिस्थितिविज्ञान, म्हणजे कोणता रोग कोणाला, किती आणि कशाने होतो याचा अभ्यास, हा माझा धंदा आहे (हा शब्द मी फक्त अर्जावर लिहितो, तोंडाने एपिडेमिऑलॉजीच म्हणतो). तुम्ही सगळे चुकीच्या तागडीत शब्द घालताय.

आयार्कचं ‘प्रॉबेबली’ आणि ‘पॉसिबली’ हे शक्यतेचं मोजमापच नाही. त्यांच्या नियमावलीत स्पष्ट आहे की या शब्दांना संख्यात्मक अर्थ नाही, पुरावा किती भक्कम आहे एवढंच ते सांगतात. म्हणजे २ब म्हणजे ‘कर्करोग होण्याची शक्यता कमी’ नव्हे. ‘या पदार्थामुळे कर्करोग होतो असं म्हणायला हाताशी असलेला पुरावा तोकडा आहे’, असं ते आहे. ॲस्पार्टेमच्या बाबतीत यकृताच्या एका प्रकारच्या कर्करोगाबद्दल माणसांमधला मर्यादित पुरावा होता, त्यावर ते २ब झालं.

आणि गट एक म्हणजे धोका एक, असंही नाही. गट १ मध्ये तंबाखू आहे, दारू आहे, आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेलं मांसही आहे. त्यावरून ‘मांस सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे झाले होते. तसा अर्थ मुळीच नाही. दोन्हींबद्दल खात्री सारखी आहे, नुकसान सारखं नाही. २अ मध्ये रात्रपाळी आहे आणि ६५ अंशांहून गरम प्यायलेली पेयं आहेत. आता ‘बहुधा कर्करोगकारक रात्रपाळी’ म्हणून बघा.

गुळवेल
वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईला हे असं चहापानाच्या सुट्टीत सांगतात होय?

नाडी
माफ करा ताई. पण तुमचा धोका किती वाढला हे तो गट सांगतच नाही, हाच मुद्दा आहे. तिथेच मराठी मार खाते. इंग्रजीत ‘हॅझार्ड’ वेगळा आणि ‘रिस्क’ वेगळी. सिंह असणं हे हॅझार्ड, सिंह पिंजऱ्यात आहे की तुमच्या खोलीत, यावर रिस्क. आयार्क पहिल्याबद्दल बोलते. आयार्कने ॲस्पार्टेमचा गट सांगितला त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेशीच जोडलेल्या दुसऱ्या एका समितीने रिस्कबद्दल सांगितलं होतं: रोज शरीराच्या किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, ही जुनी मर्यादा बदलायचं कारण नाही. डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं, तर ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ पेक्षा जास्त कॅन लागतील, तेही इतर कशातून ॲस्पार्टेम पोटात जात नसेल तर. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘धोका’ लिहिलं गेलं, मग वाचणारा म्हणणारच की एकाच दिवशी एकाच संघटनेने दोन तोंडांनी सांगितलं.

माझं मत: हॅझार्ड म्हणजे धोका, रिस्क म्हणजे जोखीम. हे पक्कं करून टाकू.

अर्धविराम
जोखीम नको हो. विम्याच्या कागदाचा वास येतो.

उंबरठा
आमच्या आजोबांकडे ‘जोखीम’ म्हणजे दागदागिने. “घरात जोखीम आहे, कुलूप नीट लाव.” जी जपायची ती जोखीम. मला वाटतं मूळ ‘जोखणे’, म्हणजे तोलणे. तोलण्याजोगी मौल्यवान वस्तू, ती सांभाळण्यातलं संकट, आणि मग नुसतं संकट. माझा आपला तर्क.

तळटीप
तर्क गोड आहे, पुरावा २ब आहे.

नाडी
:) पण ‘जोखणे’ असेल तर माझ्या पथ्यावरच पडतं. रिस्क मोजता येते, जोखता येते.

अर्धविराम
अर्थ जुळतो, पण शब्द चालतो कसा ते पाहा ना. जोखीम आपण घेतो, पत्करतो, उचलतो. तिच्यात माझी मर्जी आहे. माझ्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला. ‘तुम्हाला अधिक जोखीम आहे’ असं मला एका डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वाटलं, मी कुठे काय पत्करलं? मी जन्मले फक्त. तिथे ‘धोका’च बरा वाटला असता. धोका बाहेरून येतो, त्यात माझा दोष नसतो.

गुळवेल
हे खरं आहे. आम्ही पेशंटला ‘जोखीम’ कधीच म्हणत नाही. ‘रिस्क आहे’ म्हणतो. नातेवाईकही तेच म्हणतात.

तळटीप
म्हणजे दोन मराठी शब्द असून तिसरा उसना.

गुळवेल
दादा, रात्री दोन वाजता सही घेताना जो शब्द कळतो तो मराठी.

खडूफळा
माझ्या मते शब्दांपेक्षा आकडेच द्यावेत. प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल तेव्हा ‘रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो’ असं आलं होतं. स्पष्ट आहे.

नाडी
सर, तुम्ही गणिताचे म्हणून सांगतो, ते सगळ्यात अस्पष्ट होतं. १८ टक्के कशाचे? समजा एरवी शंभरात पाच जणांना आयुष्यात तो रोग होतो. १८ टक्के वाढ त्या पाचावर, म्हणजे साधारण सहा. बरेच जण वाचतात ‘शंभरात अठरा’. ‘टक्क्यांनी’ आणि ‘टक्के’ यांतल्या ‘नी’वर सगळा भार आहे, आणि तो ‘नी’ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

खडूफळा
हे खरंच वर्गात विचारून बघतो.

अर्धविराम
आकड्यांवरून आठवलं. युरोपात औषधाच्या माहितीपत्रकातल्या शब्दांना आकडे बांधून दिलेत. ‘सामान्य’ दुष्परिणाम म्हणजे शंभरात एक ते दहात एक, ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक. लोकांना विचारलं तर ‘सामान्य’ म्हणजे ते याहून कितीतरी जास्त समजतात, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे शब्दाला आकडा चिकटवला तरी वाचणारा आपलाच आकडा घेऊन येतो. मराठीत तर ‘सामान्य’चा आणखी घोळ: ‘सामान्य आहे’ म्हणजे नॉर्मल आहे, काळजी नको!

भोचक
यावर उपाय: ‘हा दुष्परिणाम शक्यतो होणार नाही.’

तळटीप
या धाग्यावर मी यापुढे लिहिणार नाही.

उंबरठा
अवांतर: ‘कर्करोगकारक’मधल्या ‘कारक’वर कोणीच बोललं नाही. कारक म्हटलं की करणारा, मग त्याआधी ‘कदाचित’ लावणं म्हणजे ‘कदाचित खुनी’. त्याहून अवांतर: कर्क म्हणजे खेकडा. ग्रीकांनी गाठीला खेकडा म्हटलं, लॅटिनने तेच उचललं, आपण त्याचं संस्कृत केलं. आयुर्वेदात गाठीला ‘अर्बुद’ आहे. आपण तोही शब्द सोडला नि खेकडा पाळला.

तळटीप
अर्बुद म्हणजे दहा कोटीही. (हे लिहिणे नव्हे, दुरुस्ती आहे.)

रेघोटी
सगळ्यांचे आभार. मजकूर देऊन टाकला. नाडींचं ऐकून शब्दच काढला आणि लिहिलं, ‘२ब गट: कर्करोगाशी संबंध असल्याचा माणसांमधला पुरावा तुटपुंजा आहे.’ जोडीला कॅनचं गणित दिलं, आणि कॉफीही दिली: १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावरून तीही २ब मध्ये होती, २०१६ मध्ये गट ३ मध्ये गेली. पंचवीस वर्षं ‘कदाचित’मध्ये बसली आणि तोवर लोक पीत राहिले.

संपादकांचा निरोप आला: ‘वाक्य लांब होतंय, मथळ्यात मावत नाही. ‘संभाव्य धोका’ केलंय.’

आईला अजून दाखवलेलं नाही.

अर्धविराम
संभाव्य! तरी मी सांगत होते.

नाडी
आणि धोका!

साखरझोप
नवीन सभासद. छान चर्चा. एक विचारायचं होतं: ॲस्पार्टेम, सुक्रालोज वगैरेंना मिळून मराठीत काय म्हणायचं? ‘कृत्रिम गोडवा’ म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं वाटतं, आणि ‘मधुरक’ औषधाच्या बाटलीवरचं वाटतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भोचक
त्यासाठी शक्यतो नवा धागा काढा.

तळटीप
हा वापर बरोबर आहे.